पायथनच्या शेलची स्टार्टअप फाइल: काय घालावं आणि काय घालू नये

प्रश्न असा आहे: दिवसातून अनेकदा पायथनचा शेल (एकेक ओळ टाइप करून लगेच उत्तर मिळतं ती खिडकी) उघडावा लागतो आणि दरवेळी ओएस, जेसन, डेटटाइम, नमपाय, पांडाज असे तेच ते इम्पोर्ट (तयार मॉड्यूल आत आणणाऱ्या ओळी) टाइप करावे लागतात. ते आपोआप यावेत. शिवाय प्रॉम्प्ट (टाइप करायच्या ओळीआधी दिसणारी खूण) बदलायचा आहे, काल टाइप केलेलं आज वरच्या बाणाने परत मिळायला हवं आणि मोठे आकडे नीट वाचता यायला हवेत, कारण काम हिशेबाचं आणि रकमा कोटींच्या. एकाने साइटकस्टमाइझ (पायथन सुरू झाला की दरवेळी चालणारी फाइल) वापरायला सांगितलं, दुसरा म्हणतो सरळ आयपायथन (पायथनचाच जास्त सोयींचा शेल) घे. कोणाचं ऐकायचं?

आधी थेट उत्तर देतो. पायथनस्टार्टअप नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू होताना वाचतात ती सिस्टिममधली नोंद) वापरा. साइटकस्टमाइझला हात लावू नका. दिवसाचा बराचसा वेळ शेलमध्येच जात असेल तर आयपायथन जरूर घ्या, पण तिथेही पुढचं बहुतेक सगळं लागू आहेच. आणि तुम्ही विचारलेली नाही अशी एक गोष्ट: इम्पोर्टची यादी जितकी लांब कराल तितकी ती पुढे जास्त नडेल. तुमच्या हाताला आणि डोळ्याला सोयीचं जे आहे, म्हणजे प्रॉम्प्ट, हिस्टरी, उत्तर दाखवायची पद्धत, ते या फाइलमध्ये खुशाल घाला. नवी नावं आणताना मात्र हात आखडता घ्या.

(खाली सगळी नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन स्पेलिंग आणि इंग्रजी अंक.)

फाइल जोडायची कशी

पायथन इंटरॅक्टिव्ह मोडमध्ये सुरू होताना हे व्हेरिएबल बघतो आणि त्यात एखाद्या फाइलचा पत्ता असेल तर पहिला प्रॉम्प्ट दिसण्याआधी ती फाइल चालवतो. व्हेरिएबलचं नाव म्हणजे पायथन आणि स्टार्टअप हे दोन शब्द सलग, सगळी अक्षरं कॅपिटल, मधे अंडरस्कोर नाही. फाइलला नाव काहीही द्या. होम फोल्डरमध्ये डॉटने सुरू होणारी पायथनआरसी.पीवाय अशी फाइल ठेवायची जुनी रीत आहे आणि तीच पाळावी, कारण जँगो या वेब फ्रेमवर्कचा शेलही याच नावाची फाइल शोधतो.

लिनक्सवर बॅशआरसीत एक्स्पोर्टची एक ओळ पुरते. मॅकवर ती झेडएसएचआरसीत जाते, कारण २०१९च्या कॅटालिनापासून तिथल्या टर्मिनलचा मूळ शेल झेडशेल आहे. या एका ओळीत हमखास घोळ होतो तो अवतरणचिन्हांचा. पत्ता ~ ने सुरू केला आणि अख्खा पत्ता अवतरणात टाकला की टर्मिनलचा शेल त्या चिन्हाचं होम फोल्डर करून देत नाही. पायथन तर ते कधीच करत नाही. मग पायथनचा शेल उघडताच ‘कुड नॉट ओपन पायथनस्टार्टअप’ आणि त्याखाली फाइल नॉट फाउंड एरर. अवतरणं काढा, किंवा ~ ऐवजी डॉलर-होम लिहा.

विंडोजवर सर्चमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ शोधा. जी खिडकी उघडते तिच्यात वर युजर व्हेरिएबल्स आणि खाली सिस्टिम व्हेरिएबल्स असे दोन भाग असतात. वरच्या भागात भर घाला. त्याला ॲडमिनची परवानगी लागत नाही, त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपवरही अडत नाही. आधीपासून उघड्या असलेल्या टर्मिनलला हा बदल कळत नाही, नवं टर्मिनल उघडावं लागतं.

व्हीएस कोडच्या आतल्या टर्मिनलमध्ये वेगळंच काही दिसलं तर गोंधळू नका. तिथलं पायथन एक्स्टेंशन शेल इंटिग्रेशनसाठी याच व्हेरिएबलमध्ये स्वतःच्या फाइलचा पत्ता घालू शकतं. मग तुमची फाइल बाजूलाच राहते. एक्स्टेंशनच्या सेटिंगमधून ते बंद करता येतं.

ही फाइल कधी वाचली जात नाही, हेही माहीत हवं. स्क्रिप्ट चालवताना नाही. ‘-सी’ देऊन एका ओळीचं काम करताना नाही. आणि पुष्कळांना अनपेक्षित असलेली गोष्ट म्हणजे ‘-आय’ देऊन एखादी स्क्रिप्ट चालवली आणि नंतर शेलमध्ये उतरलात, तरीही नाही. मोठ्या लिपीतला ई दिला तर पायथन आपली सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलं दुर्लक्षित करतो. मोठा आय दिला तर त्याहून कडक, म्हणजे युजरच्या फोल्डरातली पॅकेजेसही बाद. शेलमध्ये काही विचित्र वागलं की आधी मोठ्या आयने उघडून बघावं. तिथे नीट चालत असेल तर संशय स्टार्टअप फाइलवर धरायला हरकत नाही.

फाइलमध्ये एरर आली तर शेल उघडायचा थांबत नाही. ट्रेसबॅक (एरर कुठे आली त्याचा माग) दिसतो आणि खाली प्रॉम्प्ट येतोच. एररच्या आधीच्या ओळींनी जे केलं ते टिकतं, पुढचं होत नाही. अर्धवट लागू झालेली फाइल ही पूर्ण न चालणाऱ्या फाइलपेक्षा जास्त फसवते, म्हणून तो ट्रेसबॅक रोज दिसत असेल तर ‘चालतंय ना’ म्हणून सोडून देऊ नका.

नावांच्या बाबतीत कंजुषी

ही फाइल शेलच्याच नेमस्पेसमध्ये, म्हणजे शेलला माहीत असलेल्या नावांच्या यादीत, चालते. म्हणजे तिच्यात केलेला प्रत्येक इम्पोर्ट, प्रत्येक फंक्शन, इतकंच काय लूपमधला आय-सुद्धा, तुमच्यासमोर हजर राहतो. सोय हीच आणि अडचणही हीच.

समजा नमपाय ‘एनपी’ नावाने आपोआप येतोय. तुम्ही शेलमध्ये वीस ओळींचा हिशेब जमवला, चालला, कॉपी करून फाइलमध्ये टाकला आणि सहकाऱ्याला पाठवला. त्याच्याकडे पहिल्याच ओळीला नेम एरर. तुमच्याकडे, शेलमध्ये, तोच कोड बिनबोभाट चालतो. हा निदान लगेच दिसणारा दोष झाला. न दिसणारा दोष तारांकित इम्पोर्टमध्ये असतो, म्हणजे ‘फ्रॉम नमपाय इम्पोर्ट’ आणि पुढे *. टायपिंग वाचावं म्हणून हे स्टार्टअप फाइलमध्ये घालणारे भरपूर आहेत. आता साध्या पायथनमध्ये सम(रेंज(५), -१) टाइप करा. उत्तर ९, कारण ० ते ४ ची बेरीज १० आणि दुसरा आकडा म्हणजे सुरुवातीची शिल्लक, उणे एक. तारांकित इम्पोर्टनंतर तीच ओळ पुन्हा टाइप करा. उत्तर १०. कारण आता सम हे नाव नमपायच्या फंक्शनला गेलं आणि त्याच्या लेखी दुसरा आकडा म्हणजे ॲक्सिस, बेरीज कुठल्या दिशेने करायची ते. कुठलीही एरर नाही, कुठलीही सूचना नाही. हिशेबाच्या कामात हे परवडणारं नाही.

म्हणून माझा नियम सोपा आहे: शेलमध्ये चाललेली ओळ कोऱ्या फाइलमध्ये चिकटवली तर ती चालली पाहिजे, निदान चालली नाही तर का नाही ते लगेच कळलं पाहिजे. तुमच्या यादीतले ओएस, जेसन, डेटटाइम हलके आहेत आणि नेहमी त्यांच्या पूर्ण नावानेच येतात. ते ठेवायचे तर ठेवा. पीप्रिंटमधलं पीपी हे छोटं फंक्शन मी स्वतः ठेवतो. पायथन ३.८पासून ते आहे, गुंतागुंतीची डिक्शनरी नीट ओळी पाडून दाखवतं, आणि स्क्रिप्टमध्ये ते कोणी लिहीत नाही, त्यामुळे गळतीचा प्रश्न येत नाही.

नमपाय आणि पांडाज यांचं काय? हे दोन्ही जड आहेत. दोन तारखांमधलं अंतर काढायला शेल उघडला आणि प्रॉम्प्ट यायला रेंगाळला की वैताग येतो. त्यांच्यासाठी स्टार्टअप फाइलमध्ये एक छोटं फंक्शन लिहा, नाव द्या डेटा. त्याच्या आत पहिल्या ओळीत ग्लोबल म्हणून एनपी आणि पीडी जाहीर करा आणि मग नेहमीचे दोन इम्पोर्ट. ग्लोबल जाहीर केल्यामुळे ती नावं थेट शेलमध्ये उतरतात. गरज पडली की डेटा() टाइप करायचं. चार-पाच अक्षरांचं काम आहे, पण ते तुम्ही जाणूनबुजून करता, त्यामुळे कॉपी करतानाही लक्षात राहतं. हेच ‘आळशी’ इम्पोर्टने, म्हणजे इम्पोर्टलिबमधल्या लेझीलोडरने आपोआप होऊ शकतं. हुशारीचं आहे, पण या कामासाठी मला ते जास्तीचं वाटतं.

फाइलमधला बाकीचा सगळा कोड एका फंक्शनमध्ये गुंडाळा, शेवटी ते फंक्शन एकदा बोलवा आणि लगेच डेल करून टाका. नाव अंडरस्कोरने सुरू करा म्हणजे चुकून काही राहिलंच तरी अंगावर येणार नाही. तपासायला नवा शेल उघडून डीआयआर() टाइप करा. दुहेरी अंडरस्कोरवाली पायथनची स्वतःची नावं सोडून तिथे फक्त तीच नावं दिसली पाहिजेत जी तुम्ही मुद्दाम ठेवली आहेत. एफ, लाइन, पाथ असलं काही दिसलं तर ती तुमच्याच फाइलमधली गळती.

हिस्टरी

इथे बहुतेक काही करायची गरजच नाही. इंटरनेटवर अजूनही रीडलाइन (टाइप केलेली ओळ आणि हिस्टरी सांभाळणारं मॉड्यूल) आणि ॲटएक्झिट वापरून हिस्टरी साठवणारा वीसेक ओळींचा कोड फिरतो. तो पायथन ३.४च्या आधीचा. ३.४पासून टॅबने नाव पूर्ण होणं आणि हिस्टरी साठवणं दोन्ही मुळातच चालू असतं, फक्त रीडलाइन उपलब्ध हवं. हिस्टरी होम फोल्डरमधल्या डॉट-पायथन-अंडरस्कोर-हिस्टरी या फाइलमध्ये जाते. ती जागा बदलायची असेल तर ३.१३पासून पायथन-अंडरस्कोर-हिस्टरी असं कॅपिटल अक्षरांतलं वेगळं व्हेरिएबल आहे.

ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या ३.१३ने शेलच नवा आणला. एकाखालोखाल लिहिलेल्या अनेक ओळी एकत्र परत येतात आणि एकत्र सुधारता येतात, रंगीत प्रॉम्प्ट आणि ट्रेसबॅक येतात, एफ२ दाबून हिस्टरी चाळता येते, एफ३ दाबून मोठा कोड चिकटवता येतो, आणि एक्झिटला कंस द्यावा लागत नाही. विंडोजवाल्यांचा यात मोठा फायदा, कारण तिथे आधी रीडलाइनच नव्हतं. तुमच्याकडे जुनी आवृत्ती असेल आणि ही कारणं पुरेशी वाटत असतील तर निम्मी स्टार्टअप फाइल लिहायचे कष्ट वाचतील.

मात्र या नव्या शेलला जुनी खोड चालत नाही. इनपुटआरसीत (रीडलाइनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) लावलेली सेटिंग आणि स्टार्टअप फाइलमधून रीडलाइनला दिलेल्या की-बाइंडिंगच्या सूचना तो जुमानत नाही. व्हीआयसारख्या एडिटिंगची बोटांना सवय असेल तर ते इथे मिळणार नाही. त्यासाठी पायथन-बेसिक-रेप्ल हे व्हेरिएबल (शब्दांमध्ये अंडरस्कोर) १ करून जुन्या शेलवर परत जाता येतं.

हिस्टरी ही साधी टेक्स्ट फाइल आहे. डेटाबेसचा पासवर्ड शेलमध्ये अवतरणात टाइप केलात तर तो तिथे वाचता येईल असा पडून राहतो. गेटपास मॉड्यूलमधलं गेटपास() वापरा, मग तो ना पडद्यावर दिसतो ना हिस्टरीत जातो.

प्रॉम्प्ट

पहिला प्रॉम्प्ट सिस.पीएस१ मध्ये असतो, पुढच्या ओळींचा सिस.पीएस२ मध्ये. स्ट्रिंग दिली तर तोच मजकूर कायम दिसतो. स्ट्रिंगऐवजी एखादा ऑब्जेक्ट दिला तर पायथन दरवेळी त्याचं एसटीआर नव्याने काढतो. म्हणजे एक छोटा क्लास लिहून प्रॉम्प्टमध्ये जिवंत माहिती दाखवता येते. मला त्यातली एकच कामाची वाटते: आपण कुठल्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथनमध्ये) आहोत. सिस.प्रीफिक्स आणि सिस.बेस-अंडरस्कोर-प्रीफिक्स वेगळे असतील तर आपण व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये आहोत, आणि प्रीफिक्सच्या शेवटच्या फोल्डरचं नाव म्हणजे बहुधा प्रोजेक्टचं नाव. वेळ, तारीख, बॅटरी असलं दाखवणारे प्रॉम्प्ट चार दिवस बरे वाटतात.

रंग भरणार असाल तर एक काळजी घ्या. रंगाचे एस्केप कोड पडद्यावर दिसत नाहीत, पण रीडलाइन त्यांची लांबी मोजतो. परिणाम असा की लांब ओळ टाइप करताना कर्सर भलतीकडे जातो आणि ओळ स्वतःवरच उमटायला लागते. प्रत्येक रंगकोडाच्या आधी बॅकस्लॅश-००१ आणि नंतर बॅकस्लॅश-००२ लिहिलं की रीडलाइन तेवढा भाग लांबीत धरत नाही.

आणि शेवटी >>> ठेवाच. शेलमधलं काही डॉकस्ट्रिंगमध्ये (फंक्शनच्या माहितीच्या मजकुरात) चिकटवून डॉकटेस्टने (तिथली उदाहरणं चालवून बघणाऱ्या मॉड्यूलने) तपासायचं झालं तर डॉकटेस्ट फक्त तीच खूण ओळखतो. नाव-गाव जे दाखवायचं ते वरच्या ओळीत दाखवा, खालची ओळ जशी आहे तशी राहू द्या.

कोटींचे आकडे

प्रश्नातला सगळ्यात मजेचा भाग हाच. शेलमध्ये उत्तर छापायचं काम सिस.डिस्प्लेहूक करतो आणि तो बदलता येतो. पायथनला स्वल्पविराम घालून आकडा दाखवायला सांगितलं तर तो तीन-तीनचे गट पाडतो, म्हणजे एक कोट १०,०००,००० असा दिसतो आणि आपल्याला क्षणभर थांबून शून्यं मोजावी लागतात. आपल्याला शेवटचे तीन अंक आणि मग दोन-दोनचे गट हवेत.

फंक्शन दहा-बारा ओळींचं होतं. आलेली किंमत नन असेल तर काहीच न छापता परत फिरा. नसेल तर ती आधी बिल्टइन्समधल्या एकट्या अंडरस्कोरला द्या. हे विसरलात तर मागचं उत्तर ‘_’ टाइप करून परत मिळणं बंद होईल. मग किंमतीचा प्रकार नेमका इंट आहे का बघा. इथे इजइन्स्टन्स वापरू नका, कारण पायथनच्या लेखी ट्रू आणि फॉल्स हेही पूर्णांकांचेच पोटप्रकार आहेत आणि ते या चाळणीतून आत शिरतील. पूर्णांक असेल तर उणे चिन्ह बाजूला ठेवा, आकड्याची स्ट्रिंग करा, शेवटचे तीन अंक तोडा, उरलेल्याचे उजवीकडून दोन-दोन अंकांचे तुकडे पाडा, जोडा आणि छापा. बाकी कुठल्याही प्रकारासाठी सरळ रेपर (पायथन नेहमी दाखवतो ते रूप) छापा.

जोडताना मधे काय घालायचं? हात आपोआप स्वल्पविरामाकडे जातो, पण तो घालू नका. शेलमधलं उत्तर आपण बरेचदा उचलून पुढच्या ओळीत चिकटवतो. १२,३४,५६,७८९ हे पायथनला चिकटवलं तर तो त्याला एक आकडा समजत नाही, चार आकड्यांचं टपल (एकत्र बांधलेली यादी) समजतो. १,००,००,००० चिकटवलं तर एक आणि तीन शून्यं असं टपल मिळतं. आणि १,०५,००० चिकटवलं तर सिंटॅक्स एरर, कारण ०५ असा शून्याने सुरू होणारा आकडा पायथन ३ला चालत नाही. तिघांपैकी एरर देणारा बरा, पहिले दोन गुपचूप चुकतात. स्वल्पविरामाऐवजी अंडरस्कोर घाला: १२_३४_५६_७८९. पायथन ३.६पासून आकड्यात अंकांच्या मधे कुठेही एक अंडरस्कोर चालतो, गट तीनचाच हवा अशी सक्ती नाही. म्हणजे छापलेलं उत्तर डोळ्याला कोटी-लाखांत दिसतं आणि जसंच्या तसं परत चिकटवता येतं.

फ्लोटवर हा प्रयोग करू नका. रुपये-पैशांचा हिशेब फ्लोटमध्ये ठेवणंच मुळात चूक, तो डेसिमलमध्ये ठेवा. लिस्ट किंवा डिक्शनरीच्या आतले आकडेही असे दिसणार नाहीत, कारण हूकला मिळते ती अख्खी लिस्ट. पीपीला ३.१०पासून अंडरस्कोर-नंबर्स हा पर्याय आहे, तो आतल्या आकड्यांनाही लागू होतो, पण त्याचे गट तीन-तीनचेच. हूकमध्ये काही चुकलं तर प्रत्येक उत्तराला ट्रेसबॅक येईल. घाबरायचं कारण नाही, मूळ हूक सिसमध्ये दुहेरी अंडरस्कोर लावलेल्या डिस्प्लेहूक या नावाने जपून ठेवलेला असतो, तो परत नेमून टाका.

उलट दिशेचं काम मात्र पायथन न सांगता करतो. एखाद्या शासन निर्णयातून ‘४५६७’ असा देवनागरी आकडा उचलला आणि अवतरणात घालून इंट()ला दिला तर नेहमीचा पूर्णांक मिळतो. स्वल्पविराम तेवढे आधी काढावे लागतात. अवतरणाशिवाय टाइप केलात तर सिंटॅक्स एरर.

आयपायथन घ्यायचं तर

२००१ साली फर्नांडो पेरेझ कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएचडी करत होते, तेव्हा त्यांनी लिहिलेलं आयपायथनचं अगदी पहिलं रूप म्हणजे पायथनस्टार्टअपमधून चालणारी २५९ ओळींची एक फाइल होती. क्रमांक घातलेले प्रॉम्प्ट त्यात होते. त्याच झाडाला पुढे नोटबुक आणि ज्युपिटर लागले. तेव्हा स्टार्टअप फाइल फार वाढवायची इच्छा होत असेल तर ते काम आधीच कोणीतरी करून ठेवलंय, ते घ्यावं.

आयपायथन-प्रोफाइल-क्रिएट ही आज्ञा दिली की होम फोल्डरातल्या डॉट-आयपायथनमध्ये डिफॉल्ट प्रोफाइलचं फोल्डर तयार होतं. त्यात एक कॉन्फिग फाइल आणि स्टार्टअप नावाचं उपफोल्डर. उपफोल्डरातल्या फाइली नावाच्या अकारविल्ह्यानुसार चालतात, म्हणून लोक नावापुढे ००, १०, ५० असे आकडे लावतात. कॉन्फिगमध्ये हजार पर्याय आहेत, त्यातले तीन लावा आणि बाकीचे विसरा: कंट्रोल-डी दाबल्यावर ‘खरंच बाहेर पडायचं?’ विचारणारा कन्फर्म-एक्झिट बंद, वरचा बॅनर बंद, आणि ऑटोरिलोड एक्स्टेंशन चालू करून त्याला २ ही पातळी. तिसऱ्यामुळे दुसऱ्या खिडकीत फाइल बदललीत की शेलमध्ये नवा कोड आपोआप येतो. सीमध्ये लिहिलेली मॉड्यूलं मात्र अशी ताजी होत नाहीत.

आता दोन खाचाखोचा. आयपायथन तुमची पायथनस्टार्टअपवाली फाइलही चालवतो, ते त्याचं मूळ सेटिंग आहे. त्यात डिस्प्लेहूक बदललेला असेल तर आयपायथनच्या स्वतःच्या ‘आउट’ छापण्याशी त्याचं जमणार नाही. फाइलच्या सुरुवातीला आपण आयपायथनमध्ये आहोत का ते तपासा (गेट-आयपायथन हे नाव तिथेच असतं) आणि असाल तर तेवढा भाग टाळा. कोटींचे आकडे तिथेही हवे असतील तर डिस्प्ले फॉरमॅटरमधल्या साध्या मजकुराच्या फॉरमॅटरवर इंट या प्रकारासाठी आपलं फंक्शन नोंदवायचं. ट्रू-फॉल्सची काळजी तिथेही घ्यावी लागते.

दुसरी खाच जास्त महागात पडते. डिफॉल्ट प्रोफाइलच्या स्टार्टअप फोल्डरातल्या फाइली ज्युपिटर नोटबुकच्या कर्नलमध्येही (नोटबुकमधला कोड चालवणाऱ्या पायथनमध्येही) चालतात. म्हणजे तिथे पांडाज आणून ठेवलात तर तुमची प्रत्येक नोटबुक इम्पोर्टशिवाय चालते. नोटबुक पाठवण्यापूर्वी शहाणा माणूस ‘रिस्टार्ट अँड रन ऑल’ करून बघतो. तेही पास होतं, कारण रिस्टार्ट झालं की स्टार्टअप फाइली पुन्हा चालतातच. समोरच्याकडे पहिल्याच सेलला मोडतं. वर नावांबद्दल जी कंजुषी सांगितली ती इथे दुपटीने लागू.

साइटकस्टमाइझ आणि प्रोजेक्टनिहाय सेटिंग

साइटकस्टमाइझ ही फाइल प्रत्येक पायथन प्रोसेस सुरू होताना चालते. शेल असो, स्क्रिप्ट असो, क्रॉनमधून रात्री धावणारं काम असो की पिप असो. तुम्हाला शेलपुरती सोय हवी आहे आणि हा उपाय मशीनवरच्या सगळ्या पायथनला हात घालतो. शिवाय उबंटूमध्ये त्या नावाची फाइल आधीच असते, बिघाडाची नोंद घेणाऱ्या अपोर्टसाठी. युजरकस्टमाइझ हे त्याचंच एका युजरपुरतं रूप, आक्षेप तोच.

प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळी सेटिंग हवी असेल तर पायथनच्या अधिकृत ट्युटोरियलमध्ये एक युक्ती दिली आहे: मुख्य स्टार्टअप फाइलमधून चालू फोल्डरमध्ये अमुक नावाची फाइल आहे का बघायची आणि असेल तर एक्झेकने चालवायची. मी हे करत नाही आणि तुम्हीही करू नका. कोणाचीही रेपॉझिटरी उतरवून घेतली, तिच्या फोल्डरमध्ये जाऊन सहज पायथन उघडला, की त्यांनी ठेवलेला कोड तुमच्या नावाने चालला. ही नुसती शंका नाही. आयपायथन बरीच वर्षं चालू फोल्डरमधलं प्रोफाइल उचलत असे. जानेवारी २०२२मध्ये ही सुरक्षेची त्रुटी म्हणून जाहीर झाली आणि ८.०.१ व ७.३१.१ या आवृत्त्यांत ते बंद केलं गेलं. त्याहून जुनं आयपायथन कुठे असेल तर आधी ते बदला.

त्याऐवजी प्रोजेक्टच्याच गिटमध्ये शेल.पीवाय अशी फाइल ठेवा आणि पायथनला ‘-आय’ देऊन ती उघडा. सगळ्यांना तीच नावं मिळतात, ती कुठून आली हे उघड असतं आणि तुमची खासगी स्टार्टअप फाइल त्यात लुडबुड करत नाही. जँगोवाल्यांना याचीही गरज उरलेली नाही, ५.२पासून मॅनेज.पीवायचा शेल मॉडेल्स आपोआप इम्पोर्ट करतो. तिथे तुमची स्टार्टअप फाइल नको असेल तर नो-स्टार्टअप हा पर्याय आहे.

फाइल अनेक मशीनवर नेणार असाल तर तिच्यात फक्त पायथनसोबत येणारी मॉड्यूलं वापरा आणि आवृत्तीवर अवलंबून असलेलं काही असेल तर ट्राय-एक्सेप्टमध्ये घाला. सर्व्हरवर सूडो देऊन पायथन उघडलात तर सहसा तुमचं व्हेरिएबल तिथे पोचत नाही. पोचावं म्हणून खटपट करू नका, रूटच्या शेलमध्ये तुमची फाइल नसलेलीच बरी.

सगळं लावून झालं आणि फाइल चालतच नाही असं वाटलं तर शेलमध्येच ओएस.एन्व्हायरनमधून व्हेरिएबल छापून बघा. पत्ता भलताच असेल तर ते एडिटरचं काम, रिकामा असेल तर टर्मिनल जुनं. फाइल चालते पण शेल उघडायला वेळ लागतो असं असेल तर पायथनला ‘-एक्स इम्पोर्टटाइम’ देऊन उघडा. प्रत्येक मॉड्यूलला किती मायक्रोसेकंद लागले याची यादी येते, स्वतःचा वेळ एका रकान्यात आणि आतल्या इम्पोर्टसकट एकूण दुसऱ्यात. दुसरा रकाना वाचा. तिथे पांडाज दिसला तर डेटा() फंक्शनच्या बाहेर, फाइलमध्ये वर कुठेतरी, त्याचा जुना इम्पोर्ट राहून गेलेला आहे.